व्हिडिओवरची मुलाखत: आधी आवाज, मग उत्तरं, कपडे शेवटी

प्रश्न थोडक्यात असा: मेकॅनिकलचा डिप्लोमा झालाय. नाशिकच्या अंबड एमआयडीसीत एका लहान कारखान्यात दोन वर्षं क्वालिटी इन्स्पेक्टरचं काम केलंय. आता चाकणच्या एका मोठ्या कंपनीत क्वालिटी इंजिनिअरच्या जागेसाठी पहिली फेरी व्हिडिओवर आहे. घर दोन खोल्यांचं, माणसं पाच, लॅपटॉप मित्राकडून आणावा लागणार, दहावीपर्यंतचं शिक्षण मराठीतून, त्यामुळे इंग्रजीची काळजी. तयारी कशी करावी, कपडे कोणते घालावेत आणि मागे काय दिसावं?

कपडे आणि मागची भिंत हे पाच मिनिटांचं काम आहे, ते शेवटाकडे सांगतो. मी पुणे परिसरातल्या उत्पादन कंपन्यांसाठी भरतीचं काम करतो. मार्च 2020 च्या लॉकडाउननंतर आमच्या पहिल्या फेऱ्या व्हिडिओवर गेल्या आणि बहुतेक तिथेच राहिल्या. सांगली-लातूरच्या उमेदवाराने अर्ध्या तासाच्या बोलण्यासाठी रजा टाकून, भाडं खर्चून पुण्याला यावं, हे आधीही बरोबर नव्हतं. पण या पद्धतीत चांगली, कामाची माणसं मागे पडतानाही मी पाहतो. त्यांना विषय येत असतो, पण त्यांचा आवाज आमच्यापर्यंत धड येत नाही. म्हणून माझं ठाम मत आहे की तयारीचा पहिला अर्धा वेळ आवाजाला द्या. उत्तरं कितीही पाठ केलीत तरी ती अर्धवट ऐकू येणार असतील तर त्या मेहनतीचं चीज होत नाही.

हे माझं एकट्याचं निरीक्षण नाही. येल विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञांनी 2025 मध्ये पीएनएएस या नियतकालिकात प्रयोग प्रसिद्ध केले. तोच मजकूर, तेच शब्द, काहींना स्वच्छ आवाजात ऐकवले आणि काहींना स्वस्त मायक्रोफोनमधून येतो तशा पत्र्यासारख्या आवाजात. दोन्हीकडे शब्द नीट कळत होते. तरीही पत्र्यासारखा आवाज ऐकणाऱ्यांनी बोलणाऱ्याला कमी हुशार, कमी विश्वासार्ह आणि नोकरीवर घ्यायला कमी योग्य ठरवलं. त्याआधी 2018 मध्ये शास्त्रज्ञांच्या भाषणांवर आणि रेडिओ मुलाखतींवर असाच प्रयोग झाला होता. आवाज खराब केल्यावर ऐकणाऱ्यांना त्या शास्त्रज्ञाचं संशोधनसुद्धा हलकं वाटलं.

मुलाखत घेणाऱ्याच्या बाजूने काय घडतं ते सांगतो. तुटक, घुमणारा आवाज पाच-सात मिनिटं ऐकला की कान थकतात. मग मी उलट प्रश्न कमी विचारायला लागतो, कारण पुन्हा ऐकायचं, पुन्हा ‘जरा रिपीट करता का’ म्हणायचं, याचा कंटाळा येतो. आणि तुमच्यासारख्या प्रत्यक्ष मशीनवर उभं राहिलेल्या उमेदवाराचं खरं पाणी उलट प्रश्नांतच दिसतं. ‘कोणता गेज वापरलात? लीस्ट काउंट (त्यावर मोजता येणारं सर्वांत लहान माप) किती? मग ऑपरेटर काय म्हणाला?’ हे प्रश्न आलेच नाहीत, तर तुम्ही आणि पुस्तक पाठ करून आलेला मुलगा आमच्या गुणांच्या शीटवर सारखेच दिसता. यात अन्याय आहे हे मला कळतं, म्हणूनच इतकं आग्रहाने सांगतोय.

आता करायचं काय? साधे वायरवाले, माइक असलेले इअरफोन घ्या. ब्लूटूथचे महागडे असले तरी बाजूला ठेवा. ब्लूटूथवर नुसतं गाणं ऐकताना आवाज उत्तम असतो, पण माइकही चालू झाला की बहुतेक जोडण्या फोन कॉलच्या पद्धतीवर उतरतात आणि आवाजाचा दर्जा घसरतो. शिवाय मध्येच चार्जिंग संपतं. वायरवरचा माइक शर्टाच्या कॉलरला किंवा बटणाला घासू देऊ नका, ती खरखर तुम्हाला ऐकू येत नाही पण समोर फार मोठी ऐकू येते. लॅपटॉप जुना असेल तर त्याचा आतला पंखा घरघरतो, आणि ती घरघर त्याच्या माइकमध्ये शिरते. हेही इअरफोन वापरण्याचं एक कारण.

छताचा पंखा त्या अर्ध्या तासापुरता बंद किंवा अगदी कमी ठेवा. खोली रिकामी आणि फरशीची असेल तर आवाज घुमतो. गादी, रजई, कपड्यांचं उघडं कपाट असं काहीतरी मऊ समोर किंवा बाजूला असेल अशी जागा निवडा. कॅमेऱ्यात दिसत नसेल तर पलंगावर रजयांचा ढीग खुशाल असू द्या.

मग चाचणी. मित्राला त्याच अॅपवर कॉल लावा, म्हणजे मुलाखत टीम्सवर असेल तर टीम्सवर, मीटवर असेल तर मीटवर. त्याला त्याच्या बाजूला येणारा तुमचा आवाज दुसऱ्या फोनवर रेकॉर्ड करायला सांगा आणि तो स्वतः ऐका. ‘येतोय रे आवाज’ या शेऱ्यावर समाधान मानू नका, मित्र भिडेखातर बरंच म्हणतात. रेकॉर्डिंग ऐकताना आकड्यांकडे लक्ष द्या. इंग्रजीतले फिफ्टीन आणि फिफ्टी, थर्टीन आणि थर्टी ऑनलाइन हमखास एकमेकांत मिसळतात. क्वालिटीच्या माणसाचं अर्धं बोलणं आकड्यांचं असतं, तेव्हा ‘वन फाइव्ह, फिफ्टीन’ असं फोडून सांगायची सवय आत्तापासूनच लावा.

नेटवर्कचं गणित सोपं आहे, ते एकदा समजून घ्या. एकास एक व्हिडिओ कॉलसाठी झूम स्वतः जाताना आणि येताना 600 केबीपीएस वेग सुचवतं. म्हणजे दोन्ही मिळून 1.2 एमबीपीएस, तासाला साधारण 540 एमबी. चित्र अधिक स्पष्ट झालं की हा आकडा याच्या दुपटीवर जातो. बरेच रिचार्ज दिवसाला दीड किंवा दोन जीबी देतात, आणि कोटा संपला की वेग 64 केबीपीएसवर येतो. त्या वेगात व्हिडिओ विसरा, नुसता आवाजसुद्धा अडखळतो. म्हणून मुलाखतीच्या दिवशी सकाळपासून त्या सिमवर रील्स नाहीत, घरात कुणाला हॉटस्पॉट नाही. दुसऱ्या कंपनीचं सिम असलेला एक फोन घरातल्या कुणाकडून तरी मागून ठेवा, त्याचा कोटाही शाबूत ठेवा. वेग तपासताना डाउनलोडच्या आकड्यावर खूश होऊ नका, तुमचा चेहरा आणि आवाज अपलोडमधून जातो. आणि मुलाखत ज्या वेळेला आहे त्याच वेळेला, ज्या खुर्चीत बसणार त्याच खुर्चीतून तपासा. संध्याकाळी सातला आणि दुपारी दोनला एकाच टॉवरवर वेगळी गर्दी असते.

वीज. महावितरण देखभालीसाठी ठरावीक वारी काही तास पुरवठा बंद ठेवतं, पुण्याच्या बऱ्याच भागांत तो गुरुवार असतो. तुमच्या भागात कोणता वार आहे ते शेजारच्या झेरॉक्सवाल्याला विचारा, त्याला नक्की माहीत असतं. फायबर असेल तर राउटरसाठी 12 व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो, त्यावर राउटर काही तास चालतो. तो नसेल तर चार्ज केलेला फोन आणि हॉटस्पॉट पुरेसा आहे.

मागून आणलेल्या लॅपटॉपबद्दल एक गोष्ट जवळजवळ कुणीच पाहत नाही. मित्राच्या लॅपटॉपवर त्याचं खातं उघडं असतं. तुम्ही लिंक दाबता आणि आमच्या पडद्यावर भलतंच नाव येतं. आजकाल एकाच्या जागी दुसऱ्याने मुलाखत देण्याचे प्रकार इतके होतात की भलतं नाव दिसलं की पॅनेल सावध होतं, आणि तुमची पहिली दोन मिनिटं खुलाशात जातात. ब्राउझरची गेस्ट विंडो उघडा, त्यातून लिंकवर जा, नाव बायोडेटावर आहे तसंच टाइप करा. कॅमेरा आणि माइकची परवानगी ब्राउझर विचारतो, ती आदल्या दिवशीच देऊन पाहा. विंडोजचं अपडेट अडकून पडलं असेल तर ते आदल्या रात्री होऊन जाऊ द्या. मित्राचा लॅपटॉप त्याच्या ऑफिसचा असेल तर मात्र नको, त्यावर बाहेरची अॅप बंद असू शकतात आणि उगाच मित्र अडचणीत येईल.

खरं सांगायचं तर फोनवरून मुलाखत दिली म्हणून मी कुणाचा एक गुणही कापलेला नाही. अनोळखी लॅपटॉपपेक्षा रोजच्या सवयीचा फोन बरा. फक्त तो हातात धरू नका. आडवा करून, डोळ्यांच्या उंचीवर, पुस्तकांच्या थप्पीला किंवा स्टँडला टेकवून ठेवा. डू नॉट डिस्टर्ब चालू करा आणि येणारे कॉल बंद राहतील असं पाहा, कारण मध्येच कॉल आला तर माइक तुटतो. दोन सिमचा फोन असेल तर ज्यावर डेटा नाही ते सिम सरळ बंद करून ठेवा. त्यावर कॉल आला की अनेक फोनांत दुसऱ्या सिमचा डेटा तेवढ्यापुरता थांबतो. घरी चांगलं वायफाय असेल तर एअरप्लेन मोडवर टाकून फक्त वायफाय चालू करणं सगळ्यात निर्धोक. फक्त मग तुमचा दुसरा नंबर एचआरकडे हवा.

दोन खोल्या आणि पाच माणसं ही अडचण जितकी तुम्हाला वाटते तितकी मोठी नाही. एचआरने वेळ विचारली असेल तर ती विचार करून द्या. सकाळी कुकरच्या शिट्ट्या, मोटार, घंटागाडी. दुपारी दोन ते साडेतीनच्या दरम्यान बहुतेक वस्त्या शांत असतात. वेळ आधीच ठरलेली असेल आणि खरोखर अशक्य असेल, तर आदल्या दिवशी दुपारपर्यंत एक साधा मेल करा, बहुतेक ठिकाणी बदलून देतात. ऐन वेळी दहा मिनिटं आधी केलेला मेल मात्र वाईट दिसतो. घरातल्यांना नुसतं ‘आवाज करू नका’ म्हणू नका. किती ते किती, कोणत्या खोलीत, दाराची बेल वाजली तर कोणी उघडायचं, हे ठरवा. आजी पाठीमागून पाणी न्यायला आलीच तर गडबडू नका, बोलत राहा. आमच्याही घरी आजी आहेत. अभ्यासिकेत बसण्याचा विचार करू नका, तिथे मोठ्याने बोलता येत नाही आणि दबक्या आवाजातला उमेदवार घाबरलेला वाटतो. बंद, सावलीत उभी केलेली गाडी कुणाची मिळाली तर ती आवाजासाठी फार चांगली जागा आहे, कारण सीट आणि छत आवाज शोषून घेतात. फक्त तिथे नेटवर्क आहे का ते आधी पाहा, आणि नाशिकच्या एप्रिल-मेमध्ये हा मार्ग सोडून द्या.

इथवर आवाज पोहोचवण्याचं झालं. आता बोलण्याकडे येऊ, कारण पडद्यावरचं बोलणं समोरासमोरच्या बोलण्यापेक्षा खरंच वेगळं असतं.

ऑनलाइन आवाज क्षणभर उशिरा पोहोचतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या मार्गदर्शनानुसार एका बाजूचा विलंब 150 मिलिसेकंदांच्या आत असेल तर संवादाला बहुधा बाध येत नाही. मोबाइल डेटावर, खराब रेंजमध्ये, तो याच्या कितीतरी पुढे जातो. बर्लिनच्या तंत्र विद्यापीठातल्या संशोधकांनी 2014 मध्ये दाखवलं की असा विलंब असला की लोक तो यंत्राचा दोष मानत नाहीत. समोरचा माणूसच कमी लक्ष देणारा, कमी आपुलकीचा आहे असं त्यांना वाटतं. हे दोन्हीकडून घडतं. तुमचं उत्तर संपलं, समोर शांतता आहे, तुम्हाला वाटतं, काहीतरी चुकलं. मग तुम्ही आणखी बोलायला लागता, नेमका तेव्हाच आमचा पुढचा प्रश्न येऊन आदळतो, दोघंही थांबतात, दोघंही पुन्हा सुरू करतात. तीन वेळा असं झालं की मुलाखतीचा सूर हरवतो.

यावर उपाय एवढाच: उत्तराला स्पष्ट शेवट द्या आणि मग खरोखर थांबा. दोन सेकंदांची शांतता पडद्यावर दहा सेकंदांसारखी वाटते, तरीही थांबा. प्रश्न संपल्यावरही एक श्वास घेऊन मगच सुरुवात करा. दोघं एकदम बोललात तर लगेच थांबून ‘सर, प्लीज गो अहेड’ म्हणा आणि पुढे वाहत जाऊ नका. आमच्या चेहऱ्यावरून अंदाज बांधणं तर सोडूनच द्या. आम्ही खाली पाहतो तेव्हा बहुतेक वेळा शीट भरत असतो. बाजूला पाहतो तेव्हा दुसऱ्या स्क्रीनवर तुमचा बायोडेटा उघडा असतो. पॅनेलमधला एखादा कॅमेरा बंद ठेवून बसतो, आणि अनेकदा तोच शॉपचा, म्हणजे उत्पादन विभागाचा, मॅनेजर असतो, ज्याला तुमच्याबरोबर काम करायचं असतं. त्यामुळे ज्याचा चेहरा दिसतोय त्याच्याशीच बोलण्याच्या नादात त्याला विसरू नका. त्याने नाव सांगितलं असेल तर कागदावर टिपून ठेवा आणि त्याच्या प्रश्नाला उत्तर देताना ते नाव घ्या.

उत्तर किती लांब असावं? समोरासमोर चार मिनिटांचं उत्तर चालून जातं, कारण समोरचा मान हलवून, हात वर करून तुम्हाला वळवू शकतो. व्हिडिओवर ती सोय नाही. दीड मिनिटात मुद्दा पूर्ण करा आणि ‘डिटेल हवी असेल तर सांगतो’ म्हणून चेंडू आमच्याकडे टाका. तुमच्याच कामातलं उदाहरण घेऊन दाखवतो. ‘एखादा क्वालिटी प्रॉब्लेम तुम्ही कसा सोडवलात’ हा प्रश्न तुम्हाला येणारच.

बहुतेक जण सुरुवात अशी करतात: आमची कंपनी अमुक साली सुरू झाली, आमच्याकडे इतकी सीएनसी मशिनं आहेत, आमचे कस्टमर हे हे आहेत. दोन मिनिटं गेली, प्रॉब्लेम अजून आलेलाच नाही. त्याऐवजी हे पाहा (बोअर म्हणजे पार्टमधलं भोक, एच7 ही त्याच्या मापातली ठरलेली सूट, नो-गो गेज बरोबर मापाच्या भोकात जात नाही, इन्सर्ट म्हणजे कापणारं पातं, वेअर ऑफसेट म्हणजे त्याची झीज भरून काढायला मशिनला दिलेली दुरुस्ती, आणि कंट्रोल प्लॅन म्हणजे तपासणीचा लेखी आराखडा): ‘बोअर 25 एच7 होता, म्हणजे 25.000 ते 25.021 मिलिमीटर. दुसऱ्या शिफ्टमध्ये नो-गो गेज आत जायला लागला. बोअर गेजने मोजलं तर 25.026 येत होतं. इन्सर्ट झिजला की बोअर लहान व्हायला हवा, इथे मोठा होत होता, म्हणून मी ऑफसेट पाहिले. इन्सर्ट नवीन बसवला होता, पण जुन्या इन्सर्टसाठी दिलेला वेअर ऑफसेट शून्य केलेला नव्हता. लॉट वेगळा काढला, शंभर टक्के तपासला, आणि इन्सर्ट बदलल्यावर पहिला पार्ट तपासल्याशिवाय मशिन सुरू करायचं नाही हे कंट्रोल प्लॅनमध्ये घालून घेतलं.’ हे मोठ्याने म्हणून पाहा, मिनिटाभरात होतं. यात मोजमाप आहे, तर्क आहे, कारण आहे, आणि पुन्हा घडू नये म्हणून काय केलं तेही आहे. अशा उत्तरानंतर शॉपचा मॅनेजर कॅमेरा चालू करतो, हे मी अनेकदा पाहिलंय.

तुमच्या खऱ्या कामातल्या अशा चार-पाच घटना काढा. आकडे तुमचेच हवेत, कारण दुसऱ्याच्या आकड्यांवर तिसरा उलट प्रश्न टिकत नाही. त्या घटना लिहून पाठ करू नका, फोनवर रेकॉर्ड करत बोला. पहिल्यांदा ऐकाल तेव्हा त्रास होईल, चौथ्या वेळेपर्यंत फापटपसारा आपोआप गळलेला असेल.

इंग्रजीबद्दल काळजी वाटते असं लिहिलंय. चाकणच्या कंपनीत बाहेरच्या देशातल्या कार्यालयांशी मेल आणि कॉल इंग्रजीत होत असतात, त्यामुळे इंग्रजी तपासलं जाणार हे गृहीत धरा. पण तपासतात ते समजतं का आणि सांगता येतं का, उच्चार नव्हे. तुमच्या कामातली नामं आधीच इंग्रजी आहेत: टॉलरन्स, रिजेक्शन, रीवर्क, कंट्रोल प्लॅन, पीपॅप (नवा पार्ट कस्टमरकडून मंजूर करून घेण्याची प्रक्रिया). त्यांना जोडणारी छोटी, सरळ वाक्यं तयार करा. ‘आय चेक्ड. आय फाउंड. आय चेंज्ड.’ एवढ्यावर उत्तम मुलाखत होते. एखाद्या तांत्रिक मुद्द्यावर अडलात तर दोन वाक्यांसाठी हिंदी किंवा मराठीत सांगू का असं सरळ विचारा. पॅनेलमध्ये मराठी माणूस असण्याची शक्यता चांगली आहे, आणि विचारून भाषा बदलणारा उमेदवार आम्हाला खटकत नाही. न विचारता पंचवीस सेकंद गप्प बसणारा खटकतो, कारण नेट गेलं की उत्तर गेलं हेच कळत नाही. विचार करायला वेळ हवा असेल तर ‘गिव्ह मी अ मोमेंट’ एवढं बोला.

स्क्रीनवर उत्तरं उघडून वाचण्याचा, किंवा प्रश्न ऐकून उत्तर सुचवणारं एआय अॅप लावण्याचा मोह होईल. नका करू. डोळे डावीकडून उजवीकडे सरकत जातात ते आम्हाला स्पष्ट दिसतं, प्रत्येक प्रश्नानंतर येणारा तो ठरावीक थांबाही कळतो. त्याहून मोठं नुकसान वेगळं आहे. तुमच्याकडे दोन वर्षांचं खरं काम आहे, आणि त्या अॅपकडे नाही. एक कागद मात्र जरूर ठेवा, कॅमेऱ्याच्या शेजारी चिकटवलेला. त्यावर वाक्यं नकोत, फक्त त्या पाच घटनांची नावं, महत्त्वाचे आकडे आणि पॅनेलची नावं.

पार्ट समजावताना आकृती काढावी लागली तर मोकळ्या मनाने काढा. मला असे उमेदवार फार आवडतात. पेन्सिल दिसत नाही, जाड स्केचपेन घ्या, पाच-सहा रेषांतच काढा, कागद कॅमेऱ्यासमोर स्थिर धरा. तुम्हाला स्वतःच्या खिडकीत अक्षरं उलटी दिसू शकतात, त्याने गोंधळू नका. ती तुमच्यापुरतीच आरशासारखी फिरवलेली असतात, आम्हाला सरळच दिसतात. स्क्रीन शेअर करायला सांगितलं तर पूर्ण स्क्रीन न देता फक्त ती एक विंडो द्या, आणि व्हॉट्सअॅप वेब आधीच बंद ठेवा. सध्याच्या कारखान्याचं ड्रॉइंग किंवा कस्टमरचा रिपोर्ट मात्र कधीही दाखवू नका. ती त्यांची मालमत्ता आहे, आणि आज तुम्ही त्यांचं दाखवलंत तर उद्या आमचं दाखवाल, असाच विचार पॅनेल करतं.

कॅमेरा आणि कपड्यांचं आता पटकन. खिडकी समोर असू द्या, पाठीमागे असेल तर चेहरा काळा पडतो. दिव्याखाली चित्रात पट्टे सरकताना दिसले तर कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये 50 हर्ट्झ निवडा, आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची आहे आणि काही कॅमेरे 60 वर असतात. मागे साधी भिंत उत्तम. देवाचं कॅलेंडर असलं तरी काही बिघडत नाही. बनावट पार्श्वभूमी लावू नका, जुन्या लॅपटॉपवर तिने कान आणि हात गायब होतात. इस्त्रीचा, एकरंगी, फिकट शर्ट, आणि खाली पूर्ण पँट, कारण कधी उठावं लागेल सांगता येत नाही. स्वतःचा चेहरा पाहत राहण्याने मन थकतं, म्हणून झूमसारख्या अॅपमध्ये स्वतःची खिडकी लपवायची सोय असते ती वापरा. चौकट एकदा नीट लावा आणि लपवून टाका.

नेट गेलं तर काय करायचं हे मुलाखतीच्या पहिल्याच मिनिटात बोलून घ्या: ‘सर, कनेक्शन तुटलं तर मी दोन मिनिटांत परत येतो, माझा दुसरा नंबर मेलमध्ये दिलाय.’ एवढ्या एका वाक्याने तुमच्या मनावरचं ओझं उतरतं, आणि क्वालिटीच्या माणसाने आधीच पर्याय आखून ठेवलाय हेही आम्हाला दिसतं. आवाज अडखळायला लागला तर कॅमेरा बंद करण्याची परवानगी मागा. व्हिडिओ थांबला की आवाज बहुधा सावरतो. कुठलाही समंजस पॅनेल याला नाही म्हणत नाही. परत जोडल्यावर लांबलचक माफी नको, ‘मी ऑफसेटबद्दल सांगत होतो’ म्हणून तिथूनच सुरू करा.

काही कंपन्या पहिली फेरी माणसाशिवायही घेतात. पडद्यावर प्रश्न येतो, थोडा विचाराचा वेळ मिळतो, मग ठरलेल्या वेळात उत्तर रेकॉर्ड करायचं. तिथेही दीड मिनिटाची सवय उपयोगी पडते. सुरुवातीला सरावाचा प्रश्न दिला असेल तर तो सोडू नका.

आणि एक गोष्ट मला कळकळीने सांगायची आहे. मुलाखतीच्या नावाखाली फसवणूक फार वाढलीय, आणि पहिल्या मोठ्या नोकरीच्या आशेवर असलेली मुलंच तिला बळी पडतात. मुलाखतीसाठी, ट्रेनिंगसाठी, लॅपटॉपच्या डिपॉझिटसाठी कुठलीही खरी कंपनी पैसे मागत नाही. फक्त टेलिग्राम किंवा व्हॉट्सअॅपवर चॅट करून नोकरी देत नाही. तुमच्या फोनचा ताबा देणारं स्क्रीन शेअरिंगचं अॅप टाकायला लावत नाही, ओटीपी विचारत नाही. खात्री करण्यासाठी ओळखपत्र कॅमेऱ्यासमोर धरायला सांगणं नेहमीचं आहे. आधार पाठवावंच लागलं तर पहिले आठ अंक झाकलेलं मास्क्ड आधार यूआयडीएआयच्या (आधार देणाऱ्या सरकारी संस्थेच्या) साइटवरून काढून तेच द्या. मेल ज्या पत्त्यावरून आलाय तो कंपनीच्या खऱ्या साइटशी जुळतो का पाहा, शंका आली तर कंपनीच्या साइटवरच्या नंबरला फोन करा. पैसे गेलेच तर लाजून गप्प बसू नका, लगेच सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन करा. जितक्या लवकर तक्रार होते तितकी रक्कम अडवण्याची शक्यता जास्त.

शेवटी ‘तुम्हाला काही विचारायचंय?’ असं विचारतील. पगाराचा आकडा आणि नोटीस पिरीयड ते विचारतील तेव्हा सरळ सांगा, पण तुमचा प्रश्न कामाबद्दलचा असू द्या: या लाइनवर सध्या सगळ्यात जास्त रिजेक्शन कशाचं आहे, पहिल्या तीन महिन्यांत माझ्याकडून काय अपेक्षित आहे. मग ‘लीव्ह’ दाबून खिडकी खरोखर बंद झाल्याची खात्री करा आणि त्यानंतरच घरच्यांशी बोला.

संध्याकाळपर्यंत एचआरला चार ओळींचा मेल पाठवा. आभार, ज्या मुद्द्यावर चांगलं बोलणं झालं त्याचा उल्लेख, आणि एखादं उत्तर चुकलं असेल तर त्याची दुरुस्ती. ‘बोअर गेजचा लीस्ट काउंट मी चुकीचा सांगितला, तो 0.001 आहे’ अशी दुरुस्ती आली की मी ती शीटवर लिहून घेतो आणि पॅनेललाही पाठवतो. आठवड्याभरात काही कळलं नाही तर त्याच मेलवर एकदा विचारा, आणि दरम्यान दुसरीकडे अर्ज करत राहा.